ठिपके दगडात बसत नाहीत

पहिला दिवस : पांडवलेणी आणि संध्याकाळी गोदाघाट

दिवाळीच्या चार दिवस आधी नाशिकला ताईकडे जाऊन पडायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. ताई चकलीच्या भाजणीत, दाजी ऑफिसात आणि भाची माझ्या स्वाधीन. यंदा ती सहावीत आहे आणि तिच्या डोक्यात एकच प्राणी आहे, बिबट्या. मागच्या थंडीत त्यांच्या कॉलनीमागच्या मळ्यात एक येऊन गेला. तीन दिवस पोरांना अंगणबंदी आणि अख्खी गल्ली गच्चीवर चढून उसाकडे बघत बसलेली. दिसला कुणालाच नाही, पण तेव्हापासून हिच्या वहीच्या प्रत्येक समासात एक बिबट्या बसलेला असतो.

मी पुण्यात चित्रकला शिकवते. पोरांना हत्ती काढा म्हटलं की सगळ्यांचा हत्ती एकाच कार्टूनमधून आल्यासारखा येतो. म्हणून यंदा ठरवलं होतं, नाशिकच्या आसपास दगडात कोरलेले प्राणी शोधायचे आणि समोर बसून काढायचे. भाची म्हणाली, "बिबट्या असेल का गं मावशी?" म्हटलं, असणारच. दोन हजार वर्षं इथे लोक दगड कोरताहेत आणि बिबटे तर इथे पैशाला पासरी. ते 'असणारच' मला पुढे चार दिवस नडलं.

पांडवलेणी ऊन चढायच्या आत करावीत. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून डोंगर, पायऱ्या दोनशेच्या आसपास, पण अंगावर येणाऱ्या. पांडवांचा इथे काडीचा संबंध नाही. आपल्याकडे माणसाच्या हातून होण्यासारखं न वाटणारं काही दिसलं की ते पांडवांच्या नावावर टाकायची रीतच आहे. ही बौद्ध भिक्खूंची लेणी, एकूण 24, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे काही शतकं खोदत गेलेली. डोंगराचं नाव त्रिरश्मी. शिलालेखातल्या प्राकृतात 'तिरण्हु'. मला हे दुसरं जास्त आवडतं. तोंडात धरून ठेवावंसं वाटतं.

थेट 3 नंबरच्या लेण्यात गेलो. दर्शनी भागाला सहा धिप्पाड यक्ष जमिनीतून छातीपर्यंत वर आलेत आणि त्यांनी अख्ख्या ओसरीची तुळई खांद्यावर घेतलीय, पालखीचा दांडा घ्यावा तशी. त्यावर खांब, खांबांच्या डोक्यावर घडे, घड्यांवर चौरंगासारख्या पायऱ्या आणि सगळ्यात वर पाठीला पाठ लावून बसलेल्या जनावरांच्या जोड्या. हत्ती आहेत, बैल आहेत, वाघ-सिंहाच्या जातीचं काहीबाही आहे. काही जनावरं अशी, की धड एकाचं, तोंड दुसऱ्याचं, शिंगं तिसऱ्याकडून उसनी आणलेली.

भाचीने लगेच वहीत दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'बघून', दुसऱ्यावर 'ऐकून'. म्हणजे कोरणाऱ्याने तो प्राणी स्वतः बघून कोरला की कुणाचं ऐकून. मला हे सुचलं नसतं. वीस वर्षं शिकवतेय, तरी नसतं सुचलं.

बैल बिनविरोध 'बघून'मध्ये गेला. त्यातला एक मी तासभर काढत होते. पुढचे पाय दुमडून बसलाय आणि बसताना अंगाचं वजन जसं एका बाजूला कलतं तसं बरोबर कललेलं आहे. वशिंड थोडं मागे झुकलेलं. मानेखालच्या पोळीला तीन घड्या, तिसरी घडी पायाखाली दबलेली. आता, बैलाला पोळी असते हे ऐकूनही कळेल. ती पायाखाली दबते हे रोज गोठ्यात जाणाऱ्यालाच ठाऊक. आखूड पायांचा, भरल्या अंगाचा बैल. घोटीच्या बाजारात जे डांगी बैल बघितलेत त्यांच्याच घरातला वाटला. अर्थात हे माझं चित्रकाराचं मत, इतिहासाची मंडळी हसतील.

हत्तीवरून वाद झाला. भाचीचं म्हणणं, नाशिकच्या रानात हत्ती कुठे आहेत? म्हटलं, रानात नसले तरी राजाकडे होते. हे लेणं सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी भिक्खूंना दिलं. त्याचा लांबलचक लेख ओसरीत आहे. आईने गेलेल्या मुलाविषयी लिहिलेलं म्हणून तो वाचायचा. त्यात ती म्हणते, माझ्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय : 'तिसमुद-तोय-पीत-वाहन'. समुद्राचं पाणी घोडा पीत नाही हे त्या माउलीला ठाऊक असणार, पण मुलाचं कौतुक आहे, चालायचंच. त्याच लेखात त्याच्या ताब्यातल्या डोंगरांची यादी आहे. विंध्य आहे, आपला सह्य आहे आणि एक 'अछवत' आहे. अछवत म्हणजे ऋक्षवत, अस्वलांचा डोंगर. भाचीने अस्वल लिहिलं 'ऐकून'मध्ये आणि पुढे कंसात : 'कोरलं नाही, नुसतं लिहिलं'.

लेण्याची जागा सांगताना लेख म्हणतो की तिरण्हूचं शिखर कैलासाच्या शिखरासारखं आहे. आम्ही कठड्यापाशी उभं राहून खाली बघितलं. हायवे, उड्डाणपूल, गोदामांचे पत्रे. कैलास वगैरे काही वाटलं नाही. पण पाठीमागच्या डोंगराचे थर, एक कडा, एक सपाटी, पुन्हा कडा, हे सगळं नाशिक जिल्हाभर असंच आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेला दगड. भूगोलाच्या पुस्तकात दख्खन ट्रॅप म्हणतात, त्या ट्रॅपचा मूळ अर्थ पायरीच. हे पुढे सिन्नरला आठवलं.

10 नंबरच्या लेण्यातही खांबांवर अशाच जोड्या आहेत. ते क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आणि त्याची बायको दक्षमित्रा यांच्या दानातलं. जावईबापूंच्या लेखात तीन लाख गाई दान दिल्याचं आहे. भाचीने विचारलं, "सगळ्या मोजल्या कोणी?" मी पुढच्या लेण्याकडे निघाले. त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, तो मला जास्त खरा वाटतो. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, पैसे ठेवून त्याच्या व्याजातून भिक्खूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळावं, एकीकडे महिना शेकडा एक आणि दुसरीकडे पाऊण. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं तेच. ताईच्या बँकेतल्या एफडीपेक्षा उषवदाताचा दर बरा होता.

सगळ्या 24 लेण्यांत बिबट्या नाही. उतरताना भाची गप्प होती.

संध्याकाळी पंचवटीत गेलो, ते खरं तर जिलेबी खायला. पण रामकुंडापाशी आल्यावर नारोशंकराच्या देवळात न जाता परत येणं बरं नव्हे. मूळ नाव रामेश्वर, 1747 मध्ये नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलं, म्हणून लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. दर्शनी कमानीवरची प्रसिद्ध घंटा बघायला सगळे येतात. ती 1721 सालची पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इकडे आली. आम्ही मात्र भिंतींवरचे मोर बघत होतो. चोचीत मण्यांची माळ धरून ओळीने बसलेत, जणू देवळाला तोरण बांधायला बोलावलेले मजूर. खालच्या पट्ट्यांत माकडं, हत्ती, मगरी, वाघ. भाची वाघापाशी नाक टेकवून उभी राहिली. "पट्टेवाला आहे की ठिपकेवाला?" दगड झिजलेला, वर कधीतरी कोणी रंग दिलेला. सांगता येईना.

परतताना नदीतला दुतोंड्या मारुती दिसला. नाशिककर पूर त्याच्या अंगावर मोजतात, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, असं. प्राण्याच्या शिल्पाचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. वहीत मारुती कुठल्या रकान्यात घालायचा यावर ताईने मध्यस्थी केली : "देवाला रकाना नसतो."

दुसरा दिवस : सिन्नर

दाजींनी सुट्टी काढली आणि गाडी काढली. पुणे रस्त्याने सिन्नर तासाभराचं. यादवांची देवगिरी नंतरची, आधीची राजधानी सिन्नर. गावात शिरलं की हे पटत नाही. आणि गोंदेश्वराच्या आवारात शिरलं की पटतं.

एका उंच जोत्यावर पाच देवळं. मधे शंकराचं मोठं, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्याची लहान, पुढे नंदीचा मंडप. बांधकाम अकराव्या-बाराव्या शतकातलं. दाजी म्हणाले, "हेमाडपंती ना?" मी ओठ चावले. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं काहीही दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्रीपंडित तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. तो जन्मायच्या आधी ही देवळं जुनी झाली होती. पण आपण सासरच्या माणसांशी किती वाद घालायचा.

शिखराची जात भूमिज. चारही बाजूंना वरपासून खालपर्यंत एकेक सलग पट्टा उतरतो आणि त्यांच्या मधल्या जागेत चिमुकली शिखरं रांगेने रचलेली, खाली मोठी, वर जाताना लहान. मी दूर आवारभिंतीपाशी जाऊन बसले आणि काढायला घेतलं, तेव्हा हाताला कळलं की हे मी काल काढलंय. कडा, सपाटी, कडा. सिन्नरहून पश्चिमेकडे बघितलं तर स्वच्छ हवेत डोंगरांच्या रांगा अशाच दिसतात, पुढे ठसठशीत, मागे धूसर आणि लहान होत गेलेल्या. शास्त्र सांगेल की शिखर म्हणजे मेरू. असेल. मेरू कोणी बघितलाय? बांधणारा रोज बघत होता तो समोरचा डोंगर. हे सिद्ध करता येणार नाही, पण पेन्सिलीला ते खरं वाटलं.

जोत्याला हत्तींचा थर आहे. गजथर म्हणतात. बरेच हत्ती तोंडाने झिजलेत, काहींच्या सोंडा गेल्यात. पण एक हत्ती मी कधी विसरणार नाही. त्याच्या पोटापाशी दगडात एक पांढरी गार आहे, हरभऱ्याएवढी. आपल्या काळ्या दगडात अशा पोकळ्या असतात. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वाफेचे बुडबुडे, नंतर त्यात स्फटिक भरलेले. गारेवर छिन्नी बसली तर ती उडते आणि खड्डा पडतो. कोरणाऱ्याने काय केलं, तर पोटाची रेघ गारेच्या अलीकडे आणून हलकेच वळवली, वळसा घातला आणि पुढे नेली. त्यामुळे हा एकच हत्ती थोडा पोट सुटलेला. शेजारचे सगळे शिस्तीत आणि हा दुपारी जेवून आलेला. नऊशे वर्षांपूर्वी एका माणसाचा या एका गारेपाशी हात थांबला होता, आणि ते अजून दिसतं. भाचीने त्याला 'दाजी' नाव ठेवलं. खरे दाजी नंदीच्या सावलीत झोपले होते, बरं झालं.

उरलेली जनावरं 'ऐकून'मधली. खांबांवर कीर्तिमुखं, डोळे वटारलेली, जबडा आहे पण हनुवटी नाही. अभिषेकाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हाळीला मकराचं तोंड. मकर म्हणजे मगर नव्हे, हे भाचीला समजावताना माझीच दमछाक झाली. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाचं किंवा नुसतीच वेलबुट्टी. गावातल्या ऐश्वर्येश्वराच्या देवळात तर मकरतोरणच आहे, दोन टोकांना दोन मकर आणि मधे नाचणारा शिव. हे देऊळ लहान आहे आणि गोंदेश्वराला आलेली निम्मी माणसं तिकडे फिरकत नाहीत. जा. पंधरा मिनिटं लागतात.

गारेचं वेड लागल्यामुळे जवळच्या गारगोटी संग्रहालयातही डोकावलो. काचेमागे हिरवी, गुलाबी, पिसांसारखी, सुयांसारखी झिओलाइटं. आपल्या काळ्या दगडाच्या पोटात हे असतं. शिल्पकार ज्याला वळसा घालून जातो, ते इथे मखमलीवर ठेवलंय.

पण दिवसाचा ऐवज मिळाला परतीच्या रस्त्यावर. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली पाटे, वरवंटे, खल, जाती, दोन तुळशीवृंदावनं मांडलेली. मी पाटा बघायला थांबले. पाथरवट बाबा साठीचे, कपाळापासून पायापर्यंत दगडाची पूड. पाटा घेताना दगड वाजवून दाखवतात, तसा त्यांनी वाजवला. धड दगड टणत्कार देतो, आतून चीर असेल तर बद्द आवाज येतो. "हा बोलतोय बघा," म्हणाले.

मागे, चिंध्यांवर आडवा टाकलेला एक प्राणी होता. भाची आधी पोचली आणि तिथूनच किंचाळली. बिबट्या!

एका फार्महाऊसवाल्याची ऑर्डर. फाटकाच्या दोन बाजूंना दोन हवेत. मोबाइलवर फोटो पाठवलेला, तो काच फुटलेल्या स्क्रीनवर बाबांनी दाखवला. अंग झालं होतं, आणि झकास झालं होतं. पुढचा पंजा उचललेला, खांद्याचं हाड कातड्याखालून वर आलेलं. तरी बाबा नाराज. विचारलं, अडलं कुठे?

"ठिपक्यात," म्हणाले. "सिंव्हाचं बरं असतं, ताई. आयाळ कोरली की शेंबडं पोरगं वळखतं. पट्ट्याच्या वाघाला रेघा. रेघ बी काढता येती. ह्याच्या अंगावर निस्ते ठिपके. खोदून काढले तर देवी आल्यावानी दिसतोय, उठवून काढले तर घामोळं." त्यांनी मांडीवर केलेला प्रयोग दाखवला. खरंच घामोळं.

"मग नुसता गुळगुळीत ठेवा की," दाजी म्हणाले.

"मंग मालक म्हणतो, मांजर करून दिली."

मी तिथेच दगडावर बसले. दोन दिवस शोधत होतो ते इतकं साधं होतं. बिबट्याचं बिबट्यापण रंगात आहे, आणि दगडाला एकच रंग. छिन्नीला उंची-खोली कळते, आयाळ कळते, सोंड कळते, पोळीची घडी कळते. काळ्यावर काळा ठिपका तिला कसा कळावा? म्हणजे देवळांतल्या, लेण्यांतल्या त्या 'वाघ-सिंहाच्या जातीचं काहीबाही' असलेल्या जनावरांत बिबटे असतीलही. आपल्याला ओळखू येत नाहीत, इतकंच. हे मी भाचीला सांगितलं. तिने बराच विचार करून तिसरा रकाना पाडला : 'असेल पण कळत नाही'.

पाटा घेतला. बाबांनी नवी टाकी लावून दिला. ताई म्हणाली, मिक्सर आहे घरात.

तिसरा दिवस : अंजनेरी

एकादशी. त्र्यंबकला इतकी गर्दी की रस्त्यावरच दोन तास जातील असं कळलं, म्हणून अलीकडे अंजनेरीलाच वळलो. पायथ्याच्या गावात यादवकाळातल्या हिंदू आणि जैन देवळांचा समूह आहे, सोळा मोजतात, बहुतेक पडलेली. जैन देवळातला शके 1063 चा, म्हणजे 1141 च्या सुमाराचा लेख चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या देवळाला दुकानं दिल्याचं सांगतो. आज त्या दुकानांच्या जागी कुठेतरी लिंबूसरबत विकतात.

इथली शिल्पं गोंदेश्वरापेक्षाही झिजलेली. पडलेल्या चौकटींवर गवत, एका कीर्तिमुखाच्या जबड्यात सरड्याने घर केलेलं. कोरलेल्या जनावरात जिवंत जनावर राहतं, हे भाचीला दिवसभर पुरलं. मी एक द्वारशाखा, म्हणजे दाराच्या चौकटीची कोरीव बाजू, काढायला घेतली आणि तेवढ्यात लाल तोंडाच्या माकडाने शेजारी ठेवलेली पिशवी उचलली. साबुदाणा वडे, दही, केळी, सगळा एकादशीचा फराळ गेला. वर पडक्या शिखरावर बसून त्याने वडे चाखले, दही फेकलं. दाजींचा कडकडीत उपास घडला. हनुमानाच्या जन्मस्थानी माकडावर चिडायचं तरी कसं.

गडावर चढलो नाही. पायथ्याहूनच कड्यांकडे दुर्बीण लावली. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅकमुळे देशभरातली गिधाडं मेली, 2006 मध्ये ते गुरांसाठी बंद झालं, त्यातून उरलेल्यांपैकी ही. दोन दिसली. पंख न हलवता कड्याच्या तोंडासमोरून गेली, सावली मात्र कड्यावर वेगळीच पळत होती. इथूनच इगतपुरीकडे टाकेद आहे, जटायू पडला ती जागा म्हणतात. दगडातली गिधाडं कुठे बघितल्याचं आठवेना. भाचीने 'बघून' या रकान्यात गिधाड लिहिलं. म्हटलं, अगं, कोरलेलं कुठाय? म्हणाली, "मी कोरणारे."

घरी येऊन भगर खाल्ली.

चौथा दिवस : वाघबारस

शहरात वसुबारस, गाय-वासराची पूजा. सह्याद्रीतल्या आदिवासी पट्ट्यात हाच दिवस वाघबारस. दाजींच्या ऑफिसातले एक जण पेठ तालुक्यातले. त्यांच्या पाड्यावर आम्हाला बोलावलं होतं. तेवढ्यासाठीच मी यंदा सुट्टी आधी घेतली होती, हे आता कबूल करते.

सावळ घाट उतरला की हवा बदलते. भात कापणीला आलेला, उतारांवर नागलीची लाल-तपकिरी कणसं, मधेच खुरासणीची पिवळी फुलं. पाडा पंचवीसेक घरांचा. त्यांच्या घरी आधी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी पुढे आली. दाजींनी चार भाकऱ्या खाल्ल्या, कालचा उपास धरून.

वाघदेव शिवेवर, एका जुन्या सादड्याच्या झाडाखाली. मी डोक्यात काहीतरी मोठं धरून गेले होते. होता तो गुडघाभर उंचीचा, जमिनीत रोवलेला एक दगड. घडवलेला म्हणावा तर कडा तशाच ओबडधोबड. वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. खाली वाघ, बाजूने काढलेला. चार पाय, पाठीवर कमानीसारखी उलटी वळलेली शेपूट, आणि तोंड आपल्याकडे. त्याच्या खाली वळवळता नाग. कोरीव काम उथळ, बोटाच्या पेराएवढंही खोल नाही, आणि शेंदराचे इतके थर की कडा मऊ झालेल्या. पांडवलेण्यातला बैल बसतो कसा हे ज्याला ठाऊक होतं त्याच्यापुढे हे काम कच्चं. वर्गात एखाद्या पोराने असं काढलं असतं तर मी म्हटलं असतं, बाळ, पाय चारही एका रेषेत नसतात.

पण मी तिथे उभी राहून मान वळवू शकले नाही, कारण तो माझ्याकडे बघत होता. अंग आडवं, तोंड समोर. रात्री बांधावर गाडीच्या दिव्यात आलेला बिबट्या असाच थबकतो, असं ऊसवाले सांगतात. चाललेला असतो आडवा आणि मान फक्त फिरवतो. भाचीने काही न बोलता वही काढली आणि 'बघून'मध्ये लिहिलं. खाली दोनदा रेघ मारली.

दुपारी गुराख्यांची पोरं जमली. घरोघर फिरून तांदूळ, गूळ मागून आणलेला, त्याचा भात दगडाजवळच शिजत होता. एका पोराला वाघ केलं, अंगाला राख, तोंडाला काजळी. दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीच्यांनी त्यांना शिवेपलीकडे पिटाळायचं आणि विचारायचं, आमच्या शिवारात येशील का? वाघ पळता पळता ओरडतो, नाही नाही! हा वाघ जरा हूड होता. तो म्हणाला, येईन! मग त्याला आणखी एक वळसा पळवला. कालचं माकड, परवाचं कीर्तिमुख, सगळं मागे पडलं. भाची पोरांच्या घोळक्यात कधी शिरली आणि काठी घेऊन कधी पळू लागली, मला कळलंही नाही.

पूजा एका म्हाताऱ्या बाबांनी केली. नारळ फोडला, नैवेद्य ठेवला, तेलात कालवलेला शेंदूर दगडाला वरून खाली हाताने फासला. मी विचारलं, हा कोरला कुणी?

"कोरला कुणी त्याचा ठावठिकाणा नाही," ते म्हणाले. "शेंदूर दर साली आमीच लावतो."

"हा वाघ की बिबट्या?"

"बिबट्या तुमी म्हणता. आमी वाघच म्हणतो." थोडं थांबून, "वरच्या पाड्याला परवा शेळी नेली. तोच."

भाची धापा टाकत आली. केसांत कुसळं, गालावर त्या राखेवाल्या वाघाचा हात उमटलेला. ताज्या शेंदराने चकचकणाऱ्या वाघाकडे बघून म्हणाली, "आजोबा, तोच असेल तर ह्याला ठिपके का नाहीत?"

दाजी तिला गप्प करणार होते. बाबांनी हात वर करून थांबवलं. वाघाकडे डोळे बारीक करून बघितलं, जणू एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. मग शेजारच्या बाईकडे वळून काहीतरी म्हणाले. तिने दारावर बोटं उमटवायला कालवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटी पुढे केली. बाबांनी अनामिका बुडवली आणि ओल्या शेंदरावर एकेक ठिपका टेकवत गेले. पाठीवर पाच, मांडीवर तीन, शेपटीला दोन.

"घे," म्हणाले, आणि वाटी तिच्यापुढे धरली. "मानेचे तू लाव."